दिवे, ढग आणि दप्तर

अभिलेखागाराच्या दारातच माझं पेन जमा झालं. जुन्या कागदावर शाईचा ठिपका पडला की तो तिथेच राहतो, म्हणून आत फक्त पेन्सिल. पाण्याची बाटलीही बाहेर. पांढरे हातमोजे तरी मिळतील, म्हणून मी रुबाबात हात पुढे केले.

"मोजे फोटोंसाठी. तुम्ही हात धुऊन या, आणि कोरडे करा," अभिलेखपाल बाई म्हणाल्या. मोजे घातले की बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात, म्हणे. मी निमूटपणे बेसिन गाठलं.

"काय बघायचंय?"

"रस्त्यावरचे दिवे. जुने."

"तो विषय झाला. खातं कुठलं?"

इथे विषयवार कपाटं नसतात. कागद ज्या खात्यात तयार झाला त्याच खात्याच्या नावावर, आणि शक्यतो त्याच क्रमानं ठेवायचा, हा जगभरच्या अभिलेखागारांचा दंडक. तत्त्व उत्तम आहे, फक्त शोधणाऱ्याच्या मुळावर येतं. दिव्याचं तेल भांडारात, खांब बांधकामात, खांबाला धडकलेला बैल कोंडवाड्याच्या नोंदवहीत. म्हणजे दिवा सापडण्याआधी दिव्यावरून कोण कोणाशी भांडत होतं हे ठाऊक हवं.

अखेर एक गठ्ठा आला. गाठ सोडली आणि नाकात शतक शिरलं. चिंध्यांपासून केलेला जुना कागद अजून ठणठणीत असतो; त्यानंतरचा, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद मात्र स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडून कुरकुरीत होतो. कोपऱ्याला बोट लागलं की कोपरा आपल्याकडे. लोहयुक्त काळी शाई कागद आतून खाते, बाहेरून कसर खाते. त्या दोघींनी कृपाळूपणे सोडलेल्या भागावर माझी शिंक येऊ घातली होती. शिंकावं तर सभेचा अर्धा ठराव उडणार, आवरावी तर डोळ्यांतून पाणी. आणि पाण्याला मनाई! शेवटी तोंड फिरवून, बाहीत नाक खुपसून, मी शेजारच्या मोकळ्या टेबलावर शिंकलो. बाईंनी फक्त चष्म्यावरून पाहिलं.

मग वाचायला लागलो. मला एका स्मरणिकेसाठी 'गौरवशाली परंपरा' हवी होती. दप्तरात होत्या तक्रारी. गटार तुंबलं, शेजाऱ्यानं ओटा पुढे काढला, दिवा लागत नाही. यात नवल नाही. समाधानी माणूस नगरपालिकेला पत्र लिहीत नाही. अ‍ॅमस्टरडॅमचं नाव लेखी सापडतं तो सर्वांत जुना दस्तऐवज 1275 चा आहे आणि तो जकातमाफीचा आहे. एवढं मोठं शहर, पण कागदावर आलं ते कर चुकला म्हणून!

दिव्यांची गंमत तर वेगळीच. चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावायचेच नाहीत, ही युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी शहरांची रीतसर काटकसर होती. चंद्राचं वेळापत्रक बघून दिवे लावत. पौर्णिमेला आभाळ भरून आलं तर लोक ठेचकाळत घरी जात, कारण चंद्र कागदोपत्री हजर असे. ढग कुठल्या समितीकडे येतात, हे बहुधा ठरलेलं नसावं.

"कौतुकाचं काहीच नाही का हो?" मी हळूच विचारलं.

बाईंनी इतिवृत्ताची जाडजूड वही काढून दिली. बरीच पानं उलटल्यावर एक सत्काराचा ठराव सापडला. सूचक होते, अनुमोदक होते, हाराच्या खर्चाला मंजुरीही होती. खाली वळणदार अक्षरात शेरा होता: गणपूर्तीअभावी सभा तहकूब.