सारा म्हणजे सरस्वती? नाही गं, मावशी

भाचीचं बारसं झालं, नाव ठेवलं सारा. रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावशीने तो जुनाच फिरता मेसेज टाकला: 'बायबलमधला अब्राहम म्हणजे ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, दासी हागार म्हणजे घग्गर नदी. सगळं आपलंच प्राचीन ज्ञान!' खाली हात जोडलेल्यांची रांग.

आधी सारा. हिब्रूत 'सार' म्हणजे सरदार, अधिपती. त्याचं स्त्रीलिंग सारा, म्हणजे अधिकाराची, मानाची बाई. 'राजकन्या' हा नेहमी सांगतात तो अर्थ ढोबळ असला तरी घराणं तेच. मेलेख म्हणजे राजा आणि मल्का म्हणजे राणी, तशीच ही जोडी. हिब्रूच्याच कुळातल्या, मेसोपोटेमियातल्या जुन्या अक्कादी भाषेत राजाला शर्रू आणि राणीला शर्रतू म्हणत. आजही इस्रायलमध्ये मंत्री असतो तो 'सार'.

सरस्वती म्हणजे सरस् अधिक वती, पाण्याने भरलेली. तिची सख्खी बहीण शोधायची तर इराणकडे जावं लागतं. तिथे आपल्या 'स'चा 'ह' होतो, सप्ताचा हप्ता होतो तसा. म्हणून अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ती हरह्वैती आहे. हे नातं नियमाने लागतं. सारामध्ये मात्र ना पाणी, ना वती. नुसता आवाज जुळतो म्हणून नातं लावायचं, तर सारा शेतसाऱ्यातूनही निघेल. तलाठ्याला विचारा.

अब्राहमच्या बाबतीत सुरी चुकीच्या जागी चालवली आहे. मेसेजवाल्याने अ-ब्रह्म असे तुकडे केले. पण मूळ नाव अब्राम. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, 17व्या अध्यायात ते बदलतं आणि तिथेच साराय ही सारा होते. 'अब' म्हणजे बाप, अरबीतल्या अबूचा भाऊबंद. अबशालोम, अबीगईल या नावांतही तोच बाप बसला आहे. तेव्हा तोडायचं ते 'अब'नंतर. 'ब' बापाकडे गेला की ब्रह्मा उरतो कुठे?

'सारा नात्याने बहीण लागते, तसंच ब्रह्मा-सरस्वतीचं' असंही पुढे लिहिलंय. उत्पत्ती 20:12 प्रमाणे ती अब्राहमची सावत्र बहीण, बाप एक, आया दोन. पुराणांत सरस्वती ब्रह्म्याची कन्या. बहीण आणि मुलगी एकच धरायची का?

हागारला बायबलच मिसरी, म्हणजे इजिप्तची, म्हणतं. घग्गर राहू द्या हरियाणात.

आणि 'आपलं प्राचीन ज्ञान' म्हणाल, तर ब्रह्मा-अब्राहमची ही जोडी 18व्या शतकात फ्रान्समध्ये व्हॉल्टेअर या लेखक-विचारवंताने हौसेने जमवली होती. माल आयातीचा आहे.

साराचा मराठीशी खरा संबंध हवा असेल, तर अलिबाग-रेवदंड्याकडे या. तिथले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांच्या घरात साराला हाक मारली जायची ती मराठीतच.