पहाटे तीनची पाखरं

उन्हाळ्यात इथे मँचेस्टरला पहाटेचे तीन वाजतात तेव्हा औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सकाळचे साडेसात झालेले असतात. मी जागाच असतो आणि घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही. परवा तिथे वाद पेटला, तो माझ्यामुळेच. डॉक्टरांनी मला माइंडफुलनेसच्या, म्हणजे मनात येणारे विचार नुसते बघायला शिकवणाऱ्या, आठ आठवड्यांच्या वर्गाला पाठवलंय, एवढंच मी लिहिलं होतं.

काका म्हणाले, "हे आपलंच. इगतपुरीत १९७६ पासून विपश्यना चालू आहे. गोऱ्यांनी उचललं." चुलतभाऊ शेती करतो. त्याचं म्हणणं, "सोयाबीनला भाव नाही, अन् तुम्ही श्वास मोजा."

काकांचं निम्मं खरं आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला तो बौद्ध ध्यानाच्या आधारावरच. पण आमच्या घरात ध्यानाला बसलेलं कुणी मला तरी आठवत नाही. घरातलं औषध एकच: "लई इचार करू नको." त्यानं मला कधी गुण आला नाही. 'करू नको' म्हटलं की तोच विचार दुप्पट जोरानं येतो.

लहानपणी मी ज्वारीची राखण करायचो. माळ्यावर बसून गोफण फिरवायची, पाखरं उठायची आणि दोन मिनिटांत परत कणसावर. पहाटे तीनला माझं हेच चालायचं. वर्गात पहिल्यांदा गोफण खाली ठेवायला शिकवलं. कोणतं पाखरू आलं ते फक्त बघायचं. 'मी नोकरी गमावणार' असं न म्हणता 'नोकरी जाईल असा विचार आलाय' असं म्हणायचं, आणि लक्ष तळपायांवर आणायचं. पाखरू बसतं, उडतं, परत येतं. पहिले तीन आठवडे मला हा निव्वळ पोरखेळ वाटला.

भावाचा टोमणा मात्र मला अजून टोचतो, कारण तो बरोबर आहे. सोसायटीची कर्जाची नोटीस हा विचार नाही, तो कागद आहे. श्वासाकडे बघून तो फाटत नाही. कर्जाच्या प्रश्नावर कुणी गावात ध्यानाचं शिबिर भरवून हात झटकणार असेल, तर मी भावाच्या बाजूनं भांडेन. पण त्या नोटिशीच्या मागोमाग 'आता आपलं काही खरं नाही, आपण घरावर ओझं झालो' हे जे येतं, ते कागदावर लिहिलेलं नसतं. ते रात्री येतं, आणि मराठवाड्यात त्यानं माणसं नेली आहेत.

तरी मी त्याला 'डोळे मिटून बस' म्हणालो नाही. आमच्या वर्गातही आधी प्रत्येकाची चौकशी झाली होती, कारण मन फार खचलेलं असताना एकट्यानं गप्प बसणं उलटतंही. मी त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर पाठवला. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

त्यानं अंगठा दाखवणारा इमोजी टाकला. फोन केला नाही. वहिनीनं नंबर सेव्ह केलाय म्हणे, 'खतवाला' या नावानं.