‘कव्हर घालूनही पोचे पडले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी उघड्यावर उभी असते म्हणून तुम्ही आमच्याकडून फोमचं गारपीट कव्हर घेतलंत. गारा सुरू झाल्यावर धावत जाऊन ते घातलंत. तरीही टप, बोनेट आणि एका बाजूची दारं यांवर पोचे पडले, रंगावर बारीक चरे उठले. ‘यापेक्षा घरची गोधडी टाकली असती तर बरं झालं असतं’ असं लिहून तुम्ही एक तारा दिलात.

कव्हरचं बोलण्याआधी एक विनंती. गारा पडत असताना पुन्हा कधीही बाहेर जाऊ नका. पत्रा सरळ करता येतो, विम्यातून भरपाईही मिळू शकते. डोक्याला किंवा डोळ्याला गार लागली तर तसं होत नाही. कव्हर घालायचं ते आभाळ भरून येण्याआधी, गारपिटीचा इशारा आला की लगेच. तेवढ्या वेळात घालता आलं नाही तर गाडी तशीच राहू द्या.

आता पोच्यांबद्दल. तुम्ही गार किल्लीशेजारी ठेवून फोटो काढलात हे फार चांगलं केलंत. त्यावरून ती चार सेंटिमीटरच्या आसपास दिसते. आमचं कव्हर अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या गारांसाठी आहे आणि तसं त्याच्या पिशवीवर छापलेलं आहे. अडीच आणि चार यांत फरक थोडाच वाटतो, पण गार मोठी होते तसं तिचं वजन झपाट्याने वाढतं आणि ती पडतेही जास्त वेगाने. हिशेब केला तर चार सेंटिमीटरच्या गारेचा तडाखा अडीचच्या गारेपेक्षा साधारण साडेसहा पट बसतो. गाडीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. फोम काय करतो, तर गारेला थांबायला थोडं जास्त अंतर देतो, त्यामुळे पत्र्यावर येणारा जोर कमी होतो. फोम पूर्ण दबला की उरलेला सगळा जोर पत्र्यावरच जातो. त्यामुळे एवढ्या मोठ्या गारांत कव्हर नुकसान कमी करेल, पण थांबवेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्यासाठी डोक्यावर पक्कं छप्परच हवं.

दारांचे पोचे एकाच बाजूला आहेत, हे लक्षात घ्या. वाऱ्यामुळे गारा तिरप्या येत होत्या. फोम टपावर, बोनेटवर आणि काचांवर आहे, दारांवर नुसतं कापड आहे. पुढच्या वेळी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उंच पक्की भिंत येईल अशी गाडी लावा. तिरप्या गारा बऱ्याच अंशी भिंतच अडवते. झाडाखाली मात्र लावू नका, वादळात फांदी पडली तर गारांपेक्षा मोठं नुकसान होतं.

चऱ्यांचं कारण तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे. पुढच्या चाकाशी कव्हरचा पट्टा लोंबतोय, बकल लावलेलं नाही. घाईत राहिलं असणार, गारांच्या माऱ्यात कोणाचंही राहील. पण मोकळं कव्हर वाऱ्याने फडफडतं आणि खाली धूळ असेल तर तीच रंगावर घासली जाते. म्हणून गाडी आधी पुसायची आणि पोटाखालचे पट्टे आवळायचे. एखाद्या कोरड्या दिवशी एकदा घालून पाहा, हाताला सवय झाली की वेळ लागत नाही.

गोधडीचं तुमचं म्हणणं मला पटतं. जाड गोधडी किंवा ब्लँकेटांच्या दोन-तीन घड्या कोणत्याही पातळ कव्हरपेक्षा चांगल्या. धूळ-उन्हासाठीच्या साध्या कव्हरचा तर गारांपासून काहीच उपयोग नाही, आणि दुकानात विचारणाऱ्याला आम्ही तसं स्पष्ट सांगतो. फक्त गोधडी नीट बांधायला हवी. दोऱ्या दारांतून आत घेऊन बांधा, रंगावर चिकटपट्टी लावू नका, निघताना ती रंगाचा थर उचलू शकते. भिजलेली गोधडी पाऊस थांबला की लगेच काढा.

जागा कायमची असेल तर मला सगळ्यात आवडणारा उपाय वेगळाच आहे, आणि तो आम्ही विकत नाही. फळबागांवर गारांसाठी ताणतात ती जाळी मजबूत सांगाड्यावर ताणून बसवा. जाळी आणि टप यांत मोकळं अंतर ठेवा, म्हणजे जाळी खाली दबली तरी गार पत्र्यापर्यंत पोचत नाही. सांगाडा जमिनीत पक्का रोवलेला हवा.

सध्या करायचं ते असं. दुरुस्तीआधी प्रत्येक पोच्याचे तिरप्या उजेडात फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. सर्वसमावेशक पॉलिसीत गारपीट सहसा धरलेली असते, नुसत्या थर्ड पार्टीत नसते. तुमच्या फोटोंत रंग कुठे तडकलेला दिसत नाही, तेव्हा थेट लांबी-रंगकामाला होकार देऊ नका. आतून सळ्यांनी दाबून पोचे काढणारे, म्हणजे पेंटलेस डेंट रिपेअर करणारे कारागीर आधी गाठा. मूळ रंग वाचेल.

आणि कव्हर परत करायचं असेल तर न धुता, आहे तसं पाठवा. फोम कुठे कुठे दबलाय ते मला बघायचं आहे. मिळालं की पैसे परत करतो.