पाऊस कचरा धुऊन नेतो, पण कुठे?

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: डोंगर आपली सफाई आपणच करतो. एव्हरेस्टवर बर्फ सगळं गाडून टाकतो, सह्याद्रीत पाऊस धुऊन नेतो. मागे सोडलेला दोर पुढच्याच्या कामी येतो. आणि कचरा उचलण्यातून स्थानिकांना रोजगार मिळतो, तेव्हा ट्रेकरांच्या नावाने ओरडू नका.

आधी पावसाचं बघू, कारण तो आपल्या दारचा प्रश्न आहे. दूधसागरपाशी टाकलेलं वेफर्सचं पाकीट पाऊस वाहून नेतो, हे खरंच. पण हेच पाणी कुळ्याकडून खाली येत खांडेपार नदीला मिळतं. त्या नदीवर ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प आहे, आणि फोंडा, पणजीच्या नळांना तिथलं पाणी येतं. आपण टाकलेला कचरा आपल्याच पिण्याच्या पाण्यात जातोय. जो वाहून जात नाही, तो ऑक्टोबरात पाणी उतरल्यावर दिसतो. पुराची रेघ जिथवर पोचली असेल तिथवर ओहोळाकाठच्या झुडपांना प्लास्टिकच्या चिंध्या लटकत असतात, मुळांत मातीने अर्ध्या भरलेल्या बाटल्या रुतलेल्या असतात. खारट वासाची पाकिटं जनावरं चघळतात. गव्यासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात प्लास्टिक एकदा साचलं की ते सहजी बाहेर पडत नाही. गवा आपला राज्यप्राणी आहे, निदान त्याची तरी चाड ठेवू या.

बर्फाचंही तसंच. तो कचरा झाकतो, संपवत नाही. हिमनद्या सरकतात, वितळतात आणि जुने तंबू, डबे पुन्हा उघडे पडतात. 2019 मध्ये एव्हरेस्टवर घेतलेल्या नमुन्यांत 8,440 मीटर उंचीवरच्या बर्फातही सूक्ष्म प्लास्टिक सापडलं, त्यात पॉलिएस्टरचे तंतू सर्वाधिक होते. बर्फाने काम भागत असतं, तर प्रत्येक गिर्यारोहकाने 8 किलो कचरा खाली आणावा असा नियम नेपाळला 2014 मध्ये करावा लागला नसता.

मागे सोडलेल्या दोराचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, जीवघेणा आहे. धबधब्यावर रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं, झाल्यावर झाडाला बांधलेली स्लिंग, म्हणजे दोर अडकवायची नायलॉनची पट्टी, तशीच राहते. ऊन-पावसात नायलॉनचा रंग उडतो, पट्टी हाताला कडक लागते, आणि तिची ताकद किती उरली हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. पुढचा नवखा मुलगा तिच्यावर भरवसा ठेवून स्वतःला लटकवतो. इकडे झाड जाड होत जातं आणि ती पट्टी सालीत रुतते. एव्हरेस्टवरही जुन्या मोसमांचे दोर बर्फात गोठून राहतात, आणि दमलेला माणूस चुकून त्यालाच क्लिप अडकवू शकतो. जीव वाचवण्यासाठी सामान टाकून उतरावं लागलं, तर त्याला कोणी दोष देऊ नये. पण रविवारच्या रॅपलिंगनंतर कंटाळा म्हणून सोडलेल्या दोराला ही सबब लागू होत नाही.

राहिला रोजगार. एव्हरेस्टचा साउथ कोल, म्हणजे शिखराखालची शेवटच्या तळाची खिंड, सुमारे 7,900 मीटरवर आहे. तिथे गोठलेला तंबू फोडून काढायचा, पाठीवर घ्यायचा आणि खुंबू हिमप्रपातातून, म्हणजे हिमनदीच्या भेगाळलेल्या, सरकत्या उतारावरून, खाली आणायचा. त्याच हिमप्रपातात 18 एप्रिल 2014 रोजी हिमकडा कोसळून 16 नेपाळी कामगार गेले. आपली घाण उचलायला दुसऱ्याला त्या वाटेने एक जादा फेरी मारायला लावणं, याला मी रोजगार म्हणणार नाही. कुळ्यातल्या, सत्तरीतल्या पोरांना काम द्यायचंच असेल तर त्यांना गाइड म्हणून सोबत घ्या. वाट त्यांना ठाऊक असते, कुठल्या ओहोळाला कधी लोंढा येतो हे त्यांना कळतं. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. तुमची रिकामी बाटली खाली आणणं हे त्यांचं काम नव्हे.