वर्गाचं दार आतून बंद असतं

परवा पेपर तपासताना एका पानावर हात थांबला. न्यूटनचा तिसरा नियम विचारला होता: दोन वस्तू एकमेकींवर सारखंच बल लावतात, फक्त उलट दिशेने. उत्तर शब्दशः बरोबर, खाली पट्टीने रेघसुद्धा मारलेली. त्याच पानावर चार ओळी खाली पुढचा प्रश्न: ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं? उत्तर: "ट्रक, कारण तो जड आहे." एकाच पेनाने लिहिलेली ही दोन वाक्यं एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदत होती.

पूर्वी असं काही दिसलं की मी लाल शेरा मारून पान उलटायचे. वर्गात लक्ष नसतं, पाठांतर करतात, झालं. आता नाव झाकून त्या पानाचा फोटो काढते आणि चार वेगवेगळ्या कॉलेजांत माझ्यासारखंच भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या चार जणांना पाठवते. संध्याकाळच्या आत तिघांचं उत्तर आलं, "माझ्याकडेही सेम." चौथ्या मॅडमनी त्यांच्याकडचाच एक पेपर पाठवला. त्यात तर कारच्या बाजूला बारीकसा आणि ट्रकच्या बाजूला जाडजूड बाण काढून, वर नियमही लिहिला होता!

दोन कॉलेजांनी मिळून काही करायचं म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते आपण सगळे जाणतो. सामंजस्य करार होतो, सह्यांचा फोटो निघतो, एक चर्चासत्र होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि करार फाइलमध्ये जाऊन झोपतो. मीही अशी प्रमाणपत्रं जमवली आहेत, बढतीच्या वेळी उपयोगीही पडली. पण त्यातल्या एकाही कार्यक्रमात "माझा अमुक धडा दरवर्षी फसतो, तुमचा फसतो का?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. माझ्या मते देवाणघेवाण करायची तर ती याच गोष्टीची. नोट्स आणि स्लाइड्स कुठेही मिळतात. एमआयटीने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी मोफत खुलं करायची घोषणा केली, त्याला दोन तपं होऊन गेली. चांगल्या साहित्याची वानवा नाहीच. आपले विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात, ते मात्र कुणी कुणाला सांगत नाही.

आमच्या विषयात याचा एक नमुनेदार किस्सा आहे. १९८५ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या हॅलून आणि हेस्टेनिस यांनी दाखवून दिलं की भौतिकशास्त्राचा कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांच्याही बल-गतीबद्दलच्या मूळ समजुती फारशा हललेल्या नसतात. हे हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांच्या वाचनात आलं. पहिली प्रतिक्रिया तुमची-माझी असते तीच: असेल तिकडे, माझ्या वर्गात नाही. तरी त्यांनी अशा मूळ समजुती तपासणाऱ्या चाचणीतले प्रश्न आपल्या वर्गाला दिले. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी? या एका प्रश्नात सगळं आलं. निकालही त्याला साजेसाच लागला. मझूर यांनी पुढे शिकवण्याची पद्धतच बदलली: आधी प्रश्न, मग प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. दुसऱ्या कॉलेजातल्या दोघांनी काय मांडलंय ते प्रामाणिकपणे स्वतःच्या वर्गावर लावून बघितलं, म्हणून हे घडलं. कुठल्याही कराराची गरज पडली नाही.

त्यानंतर अमेरिकेतलेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी केलेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते एकट्यादुकट्याने होण्यासारखं नव्हतंच. शाळा, कॉलेजं, विद्यापीठं मिळून ६२ वर्गांच्या शिक्षकांकडून त्यांनी कोर्सच्या आधीचे आणि नंतरचे चाचणीचे गुण गोळा केले. विद्यार्थी ६,५४२. सुरुवातीला जेवढं येत नव्हतं, त्यातला किती वाटा शेवटी यायला लागला, एवढंच मोजायचं. नुसत्या व्याख्यानांच्या १४ वर्गांत हा वाटा सरासरी २३ टक्के निघाला. विद्यार्थ्यांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या ४८ वर्गांत ४८ टक्के. हे १९९८ मध्ये छापून आलं. आकडे ज्याने त्याने आपखुशीने पाठवले होते, म्हणजे ज्यांचं बरं चाललंय तेच पाठवणार, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या ४८ मधले सात वर्ग व्याख्यानवाल्यांइतकेच मागे राहिले होते, हेही त्यातच दिसतं. पद्धत बदलली की काम फत्ते, असं नाही. आणि हे सात वर्ग आपल्याला कळले, कारण त्या सात शिक्षकांनी पडेल आकडे दडवले नाहीत.

मी दडवले होते. आमच्या पाच जणांच्या गटात पहिल्यांदा ट्रक-कारचा प्रश्न सगळ्यांनी आपापल्या वर्गाला द्यायचा ठरला, तेव्हा माझ्या वर्गाचा निकाल इतका वाईट आला की मी "या आठवड्यात जमलं नाही" असं सांगून वेळ मारून नेली. वीस वर्षं हा विषय शिकवतेय, लाज वाटली. पुढच्या शनिवारच्या कॉलवर आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ सरांनी स्वतःचा आकडा सांगितला. तो माझ्यापेक्षाही खाली होता. मग मी तोंड उघडलं.

त्याच कॉलवर मला ताणकाट्यांची युक्ती मिळाली. दोन ताणकाटे एकमेकांत अडकवायचे. एक टोक वर्गातल्या सगळ्यात दणकट मुलाच्या हातात, दुसरं सगळ्यात किरकोळ मुलीच्या. ओढायच्या आधी काट्यांवर काय आकडे दिसतील ते सगळ्यांनी वहीत लिहायचं. मुलाचा काटा जास्त दाखवणार यावर वर्गाची पैज. ओढलं, आणि दोन्ही काटे एकाच आकड्यावर. मुलाने आणखी जोर लावला, दोन्ही एकदमच पुढे सरकले. मागच्या बाकावरून आवाज आला, "काटा बिघडलाय." काटे अदलाबदल केले. पुन्हा तेच. मग मुलांनीच विचारलं, "मग कारच का चेपते?" बल तेवढंच, पण वस्तुमान कमी, म्हणून कारचा वेग झटक्यात जास्त बदलतो, हे मी दरवर्षी सांगते. पण या वेळी त्यांनी ते मागून घेतलं होतं.

ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९९३ मध्ये एका लेखात आपला उलटा अनुभव लिहिला होता: प्राध्यापक होताना वाटलं होतं संशोधन एकांतात होईल आणि शिकवणं माणसांच्या सोबतीत, निघालं नेमकं उलटं. संशोधनाचा शोधनिबंध दहा जण तपासतात, चिरफाड करतात. आपल्या तासाला मात्र तपासणीचं पथक सोडलं तर कुणी येत नाही, आणि पथक येणार असलं की आपण ठेवणीतला धडा काढतो.

अडचणी आहेतच. आकडे वरिष्ठांकडे गेले तर तुलना होईल ही भीती खोटी नाही, म्हणून आमचे आकडे पाच जणांच्या बाहेर जात नाहीत. पाचाचे पंधरा व्हावेत असं मला मुळीच वाटत नाही. पंधरा झाले की सुप्रभात सुरू होतं. वेळ? आठवड्याला एक प्रश्न, एक कॉल, पाऊण तास.

काल रात्री ज्येष्ठ सरांनी नवा प्रश्न पाठवला. दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत; कुठला जास्त उजळेल? सोमवारी पहिल्या तासाला तो फळ्यावर लिहिणार आहे. निम्मा वर्ग "पहिला बल्ब, कारण तिथेच करंट संपतो" म्हणेल असा माझा अंदाज आहे. सरांचा अंदाज त्याहून वाईट आहे.