'सेट'च्या पुढे गेलेला 'रन'
'सेट' (set) हा सर्वाधिक अर्थांचा इंग्रजी शब्द असल्याचे अनेकदा म्हटले जाते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपुरते ते बरोबर आहे. मात्र पुढे त्या कोशाच्या सुधारणेचे काम चालू असताना 'रन' (run) या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदवले गेले. नाक वाहते, दुकान चालवले जाते, निवडणूक लढवली जाते, धुताना कपड्याचा रंग जातो आणि वर्तमानपत्रात बातमी छापली जाते, या प्रत्येक ठिकाणी मराठीला वेगळे क्रियापद शोधावे लागते, इंग्रजीचे मात्र एकट्या 'रन'वर भागते. अर्थात आपले 'लागणे'ही काही कमी नाही: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि लक्ष नसले की दूधही पातेल्याला खाली लागते.