सेकंड हँड डॅक घेताय? मग मागची बाजू अजिबात बघू नका

सेकंड हँड डॅक, म्हणजे लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करून देणारा डबा, घ्यायचाय ना? उत्तम विचार. घ्याच. मी परवाच १८,००० रुपये आणि एक अख्खा रविवार खर्च करून या विषयातला तज्ज्ञ झालोय, तेव्हा सल्ला द्यायचा हक्क आता माझा आहे आणि तुम्ही निमूट ऐकायचंय.

सगळ्यात आधी चिप विचारा. फक्त चिप. डॅक म्हणजे चिप, बाकी सगळा पत्रा. पॉवर सप्लाय कसाय, क्लॉक कसलाय, चिपच्या पुढे ॲनालॉग आउटपुटला काय जोडलंय, असले प्रश्न विचारणारी माणसं आयुष्यात सुखी होत नाहीत. फिलिप्सची ऐंशीच्या दशकातली १६ बिटची टीडीए १५४१ए असेल तर डोळे झाकून घ्या, आणि वर मुकुट छापलेली असेल तर सोसायटीचं कर्ज काढून घ्या. निवडक चिपांवर तो मुकुट असायचा. आता साध्या चिपचं तोंड घासून त्यावर मुकुट छापणारेही आहेत, पण म्हणून झाकण उघडून भिंगातून वगैरे बघत बसू नका, विकणाऱ्याला वाईट वाटतं.

बिट मोजून घ्या, म्हणजे आवाजाचं माप किती बारीक, आणि किलोहर्ट्झ, म्हणजे ते माप सेकंदाला किती हजार वेळा. ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, यापेक्षा कमी घेऊच नका. सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर १९८२ पासून वाजतेय आणि त्यात शांत-मोठ्या आवाजाचं अंतर ९६ डेसिबलच्या आसपास मावतं, पण आपल्या हॉलला ते कसं पुरणार? वर पंखा, आत कुकर, खाली भंगारवाला, आणि आपण लावणार भीमसेनअण्णांची कुणीतरी कॅसेटवरून उतरवलेली मोनो मैफल. त्या कॅसेटची खरखर ७६८ किलोहर्ट्झमध्ये ऐकलीत की मग कळेल.

'२०० तास बर्न-इन करून दिलाय', म्हणजे आवाज मुरावा म्हणून तेवढे तास वाजवत ठेवलाय, असं म्हणत असेल तर दोन हजार जास्त द्या. गाडी जास्त पळाली की किंमत उतरते, मिक्सर वापरला की उतरते, डॅक हा एकच प्राणी असा की वापरून चढतो.

यूएसबीचा ड्रायव्हर कुठल्या विंडोजपर्यंत चालतो ते विचारू नका.

रिमोटही विचारू नका. इनपुट बदलायचं बटण फक्त रिमोटवरच आहे हे घरी गेल्यावरच कळलेलं बरं.

पंचवीस वर्षांचा डॅक असेल तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत का ही शंका मनात आणायची नाही, तिला 'व्हिंटेज साउंड' म्हणतात. आणि हल्लीचा अंगठ्याएवढा डाँगल मोजमापात यातल्या बऱ्याच जुन्या धुडांच्या पुढे जातो हे तर ऐकूच नका, रविवारी जायचं कुठे मग?

आता मुख्य सल्ला. डॅकची मागची बाजू बघायची नाही. पुढची ॲल्युमिनियमची पट्टी बघा, निळा एलईडी बघा, नॉब फिरवून 'वा, काय स्मूथ आहे' म्हणा. मागे बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असतं, त्यासाठी खाली वाका, मोबाईलचा टॉर्च मारा, समोर काका चहा घेऊन उभे, बरं दिसतं का ते? मी नाही वाकलो. पुण्याहून नेरूळला गेलो, टोल भरला, काका एकदम गोड, 'मी काही दुकानदार नाही हो, स्वतःसाठी घेतलेला' वगैरे. चालू करून दाखवला. माझ्याच लॅपटॉपवरून मारवा लावला, दहा मिनिटं ऐकला, तानपुरा असा सुटा की मी भाव करायचंच विसरलो, तिथल्या तिथे जीपे केलं. मग काकांनी टीव्ही युनिटच्या मागे पार खांद्यापर्यंत हात घालून वायर उपसली, दोन चपट्या पिना, आणि म्हणाले, 'आपल्या सॉकेटला बसणार नाही ही, हा कन्व्हर्टर ठेवा, असू द्या, पैसे नकोत.' मी आभार मानले. त्या वीस रुपयांच्या कन्व्हर्टरसाठी मी दोन वेळा आभार मानले!

घरी लावला. आधी घुंईंई, मग फट्, मग वास. आई आतून ओरडली, 'गॅसवर काय ठेवलंयस रे?'

१०० व्होल्टचा जपानी पीस. आपल्या भिंतीत २३०. दुपटीहून जास्त व्होल्टेज त्या बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज गेला पण जाताना एकटा गेला नाही, रेग्युलेटर आणि कपॅसिटर सोबत घेऊन गेला. पुण्यात तापकीर गल्लीत रिपेअरवाल्याला दाखवला तर त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं, काही बोललाच नाही. आणि टीव्ही युनिटच्या मागे, जिथे काकांचा हात गेला होता, तिथे २३० चे १०० व्होल्ट करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होता. वायर त्यातनंच उपसली होती. फोन केला तर म्हणतात, 'मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, जपानी माल म्हटल्यावर.'

माहीत असेल? अहो काका, तुम्ही स्वतःच्या हाताने मला कन्व्हर्टर दिलात! पिना आपल्या सॉकेटला बसणार नाहीत हे आठवलं आणि व्होल्टेज बसणार नाही हे नाही आठवलं? जाहिरातीत सोळा फोटो टाकलेत, डब्याचे चार, थर्माकोलचा एक, मागच्या बाजूचा एकही नाही. 'मिंट कंडिशन' लिहायला जागा आहे, '१०० व्होल्ट' लिहायला नाही? पाचच अक्षरं आहेत ती. घरात म्हातारी माणसं असतात, लहान मुलं असतात, पडद्याला लागलं असतं म्हणजे? आणि तुम्ही सगळे, कॅथोड-फॉलोअर सर्किट आणि क्लॉकच्या जिटरसारख्या बारकाव्यांवर रात्री दोनपर्यंत भांडणारे, विकायची वेळ आली की तुम्हालाही व्होल्टेज लिहायचा कंटाळा येतो, मी हल्ली जाहिराती मोजतोय. लिहा की रे. आणि घेणाऱ्यांनो, वाका जरा. माझ्यासकट. मागे जिथे वायर लागते तिथे लिहिलेलं असतं, १०० असेल तर १०० लिहिलेलं असतं, कुणी लपवलेलं नसतं, आपणच नॉब फिरवत बसतो गाढवासारखे.

काल काकांनी नवीन जाहिरात टाकलीय. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, २३० ते १००, 'डॅक विकल्यामुळे विकणे आहे'. दुसऱ्या नंबरवरून फोन करून विचारलं, लास्ट किती. सोळाशेच्या खाली येत नाहीयेत.